उत्तर बदलणार आहे का?

दिवसा मी बडोद्यातल्या एका कंपनीत बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री, लेक झोपली की, सीईएसएम नावाच्या हवामान मॉडेलच्या कोडमध्ये डोके घालतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न: "यंदा पाणी किती चढणार, ते तुझं मॉडेल सांगतं का?" नाही सांगत. नेहमीच्या मांडणीत त्याच्या वातावरणाची जाळी साधारण 100 किलोमीटरची असते, म्हणजे अख्खे बडोदे आणि आसपासचे तालुके मिळून एक चौकोन. उद्याचा पाऊस हे त्याचे कामच नव्हे. येत्या कित्येक दशकांत हवामान कुठे सरकेल, हे त्याला विचारायचे.

हे मॉडेल अमेरिकेत बोल्डरच्या एनसीएआर या संशोधन संस्थेत सांभाळले जाते. कोड गिटहबवर सर्वांना खुला आहे आणि त्यातला बराचसा फोर्ट्रानमध्ये आहे. (हो, काका-मामांनी पंच कार्डांवर शिकलेली तीच भाषा. तिला हसणाऱ्यांनी तिचा वेग एकदा बघावा.)

माझा पहिला बदल अगदी किरकोळ होता: एखादी इनपुट फाइल सापडली नाही, तर येणारा संदेश माणसाला समजेल असा करणे. तरी पुल रिक्वेस्टच्या नमुन्यात प्रश्न होताच: या बदलाने उत्तरे बदलणार आहेत का, आणि बदलणार असतील तर कशी?

बँकेत हे सोपे असते. खाते पैशापर्यंत जुळले की झाले. इथे जुळवायचे कशाशी? भविष्याचे खरे आकडे कुणाकडेच नाहीत. म्हणून आधी मॉडेलला स्वतःशीच ताडून बघतात. एका चाचणीत मॉडेलमधले 11 दिवस सलग चालवतात, मग सहाव्या दिवशी साठवलेल्या स्थितीपासून उरलेले पाच दिवस पुन्हा. दोन्ही उत्तरे शेवटच्या बिटपर्यंत एकच हवीत.

कंपायलर बदलला की मात्र बिट जुळेनासे होतात. संगणकात नुसता बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचा अंक हलतो, आणि हवामानाच्या गणितात ते तेवढ्यावर थांबत नाही. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1961 मध्ये 0.506127 ऐवजी 0.506 भरले आणि थोड्याच वेळात गणित भलतीकडे गेले. मग खरी चूक आणि हा स्वाभाविक फरक वेगळे कसे ओळखायचे? इथली युक्ती मला फार आवडते. सुरुवातीच्या तापमानात दशांशचिन्हानंतर चौदाव्या स्थानी फरक करून मॉडेल पुष्कळदा चालवायचे. उत्तरांचा जो पसारा मिळतो, त्यात नव्या कोडची उत्तरे बसतात का, ते संख्याशास्त्राने तपासायचे. पूर्वी त्यासाठी मॉडेलमधले वर्षभर चालवत. पुढे लक्षात आले की गणिताच्या पहिल्या नऊ पायऱ्यांतच फरक पकडता येतो.

एवढ्या चाळण्यांतूनही काही निसटते. 2018 च्या सीईएसएम 2 मध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला की पृथ्वी 5 अंश सेल्सिअसहून जास्त तापत होती. आधीच्या आवृत्तीत हा आकडा 4 च्या आसपास होता. धरणे, पिके, किनाऱ्यावरची गावे यांचा विचार ज्या आकड्यांकडे बघून होतो, त्यांत एक अंश म्हणजे फार झाले. संशय ढगांवर होता. शास्त्रज्ञांनी हेच मॉडेल सुमारे 21,000 वर्षांपूर्वीच्या हिमयुगावर चालवले, तर ते भूगर्भीय पुराव्यांपेक्षा फारच गारठले. शोधता शोधता ढगांतल्या बर्फकणांच्या संख्येवर घातलेली एक अयोग्य मर्यादा सापडली. ती काढली, ढगांच्या गणिताच्या पायऱ्या लहान केल्या, तेव्हा हिमयुगही ठिकाणावर आले आणि तो 5 अंशांचा आकडाही बराच उतरला. मर्यादा घालणारी अशी ओळ बिट जुळवणाऱ्या चाचण्यांतून बिनबोभाट पार होते. साक्ष द्यायला हिमयुग लागले.

हे सगळे परदेशातच चालते असे नाही. पुण्याच्या आयआयटीएमचे मॉडेल सीएमआयपी 6 या जागतिक तुलनेत उतरले आहे.

आपल्यापैकी कुणाला हात घालून बघायचा असेल, तर महासंगणक लागत नाही. वातावरणाचा एकच उभा स्तंभ चालवणारी मांडणी चांगल्या लॅपटॉपवर, लिनक्सवर चालते. सुरुवात माहितीपत्रकांतल्या चुका सुधारण्यापासून केलीत तरी चालेल. फोर्ट्रान अडली तर विचारा; रविवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात असतो.