पगार हवेत, हप्ता जमिनीवर

‘मुलगी एअरलाइनमध्ये ना? मग काय, लाखात खेळत असेल!’ सोसायटीच्या गणपतीत हे वाक्य यंदा तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मात्र मी मोदक खाली ठेवला.

काकू, एकदा पगारपत्रक बघा. आमच्या मजल्यावरच्या केबिन क्रूमधल्या मुलीने मला तिचं दाखवलं. वर ठरलेला पगार, खाली उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता. एकूण रकमेचा मोठा भाग या दुसऱ्या ओळीत. आणि हे तास मोजणारं घड्याळ चमत्कारिक आहे. विमान गेटवरून हललं की सुरू, पोचून थांबलं की बंद. पहाटे पाचच्या फ्लाइटसाठी कॅब दीडला दारात येते. मग तयारी, ब्रीफिंग, प्रवाशांच्या बॅगा वर ठेवणं, दिल्लीच्या धुक्यात गेटवर खोळंबणं. अनेक कंपन्यांत यातलं काहीच उड्डाणभत्त्यात धरत नाहीत. हे रडगाणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत डेल्टाने बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली ती 2022 मध्ये, आणि त्याची बातमी झाली! ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर क्रूने संप केला, त्यातही जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा मुद्दा अग्रभागी होता.

आता सर्दी झाली समजा. कान बंद असताना उडता येत नाही, पडदा फाटू शकतो. या मुलीचे पावसाळ्यात बारा दिवस घरी गेले. आजारपणाची रजा होती, ठरलेला पगार मिळाला. भत्ता जवळजवळ निम्मा. बँकेने कर्ज दिलं होतं ते चांगल्या महिन्यांची पत्रकं बघून. हप्त्याला कान नसतात.

‘मग पुढच्या महिन्यात जास्त उडायचं!’ असं म्हणणारेही भेटतात. अहो, उड्डाणाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. उदाहरणार्थ, वैमानिकाला वर्षाला 1000 तास, त्यापुढे नाही. दमलेला माणूस कॉकपिटमध्ये नको म्हणून ही मर्यादा, आणि ती हवीच.

‘पटलं नाही तर दुसरी कंपनी’: वैमानिकांचं बघा, विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनला वर्षभराची नोटीस, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची.

‘विमानतळावरचे सगळेच गलेलठ्ठ’: जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिन्याला सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे 2,200 जागांसाठी हजारोंची रेटारेटी झाली. बातम्यांत पगार वीस-पंचवीस हजारांचा होता.

‘कंपनी बुडाली तरी कायदा पैसे देतो’: देतो, रांगेत उभं करून. जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं. पगार त्याआधीच थकले होते. सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं 7 नोव्हेंबर 2024 ला. मधल्या काळात घराचे सहासष्ट हप्ते होतात. दिवाळखोरीच्या कायद्यात पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे फंड घेणेकऱ्यांच्या वाटणीत धरत नाहीत, हे खरं. पण फंडात पैसे भरलेले असले तर! म्हणून त्या मुलीला सांगितलं, पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघ. पगारपत्रकात कापलेली रक्कम खात्यात जमा झालेली असतेच असं नाही.