न छेडलेला गंधार

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावत बसलेल्या कारागिराजवळ जरा थांबा. तारा चार. एक पंचमाला, दोन मधल्या षड्जाला, एक खर्जाला लावलेली. गंधाराची तार कुठेच नाही. तरीही खर्जाची तार छेडली, की तिच्या गुंजनातून गंधार स्वच्छ ऐकू येतो! गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा आला कुठून?

तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरते. पूर्ण लांबीनं, शिवाय दोन, तीन, चार, पाच समान भागांत. खर्जाच्या पाचपट कंपनं म्हणजे वरचा गंधार. असे उपस्वर बहुतेक तंतुवाद्यांत असतात. मग इथेच ते एवढे उजळ का?

तारा जिच्यावर टेकतात, त्या घोडीकडे पाहा. व्हायोलिनच्या घोडीचा माथा अरुंद, तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित उतरती. उभ्या भिंतीवर पाणी आपटावं, तसं इथे होत नाही. घाटाच्या उतारावर लाट चढते आणि मागे फिरते, तशी तार घोडीला घासत राहते. टेकण्याची जागा क्षणाक्षणाला सरकते आणि तारेची ताकद सतत वरच्या स्वरांत वाटली जाते. ती जागा नेमकी साधायला तारेखाली सरकवतात काय, तर साधा सुती दोरा! तो किंचित हलवा, बोथट आवाज एकदम खुलतो.

या करामतीनं भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामनही थक्क झाले. तार जिथे छेडली, तिथे स्थिर राहणारे उपस्वर उमटूच नयेत, असा जुना नियम. तंबोऱ्यानं आणि वीणेनं तो धाब्यावर बसवला, हे रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं.

गल्लीतल्या हातांना हे केव्हाच ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेब हे शिकलगार पटवर्धनांच्या मिरज संस्थानात वाद्यांकडे वळले. तलवारीची धार पारखणारी नजर घोडीच्या उतारावर आली, हे मला या कथेतलं सर्वांत विलक्षण वळण वाटतं. पुढे मिरजेत स्थायिक झालेले गवई अब्दुल करीम खाँ आणि सांगलीचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचा शोध घेतला. सांगली आणि मिरज यांत अंतर किती, तर दहा-बारा किलोमीटर! गवयाचा कान, अभ्यासकाचं गणित आणि कारागिराची कानस इतक्या जवळ आणखी कुठे भेटली असतील?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण जवारी लावायला आजही मोजपट्टी चालत नाही. कारागीर कानसेचे दोन हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. आणि वर्षानुवर्षं वाजवून तारांनी घोडीवर खाचा पाडल्या, की गंधार पुन्हा झाकोळतो; मग वाद्य परत गल्लीत येतं आणि सगळा खटाटोप नव्यानं सुरू होतो.