इंजिन बंद पडले, तरी जीव वाचतो

पिकांवर औषध फवारणारे विमान उभ्या पिकावरून जेमतेम ३-४ मीटर उंचीने, ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने जाते. अशा वेळी इंजिन बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती काही सेकंदच उरतात.

कारणे बरेचदा साधी असतात : संपलेले इंधन, इंधनात मिसळलेले पाणी, लांबणीवर टाकलेली देखभाल. हंगामात दिवसभर उड्डाणे सुरू असतात. थकवा आणि घाई यांत तपासणी राहून जाते.

इंजिन थांबताच उरलेल्या वेगावर थोडी उंची घ्यायची, टाकीतले औषध सोडून विमान हलके करायचे आणि शक्यतो समोरच उतरायचे. धावपट्टीकडे वळण्याचा मोह जिवावर बेततो. कमी वेगातल्या तीव्र वळणात पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते.

तरीही आदळणे अनेकदा टळत नाही. मग जीव कशाने वाचतो? १९१७ मध्ये विमान अपघातातून वाचलेले ह्यू डीहेवन याच प्रश्नामागे लागले. उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांचा त्यांचा अभ्यास १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीर किती अंतरात थांबते, यावर इजा ठरते. ताशी १०० किलोमीटर वेगातले शरीर १ मीटरमध्ये थांबले, तर वजनाच्या जवळपास ४० पट बल सोसते. ३ मीटरमध्ये थांबले, तर सुमारे १३ पट.

फ्रेड वीक यांनी १९५० च्या दशकात आखलेल्या ‘पायपर पॉनी’ या फवारणी विमानात औषधाची टाकी पुढे आणि वैमानिक मागे, उंचावर बसतो. आदळताना पुढचा भाग चेपत जाऊन धक्का सोसतो. खांदा व कमरेचे पट्टे शरीराला जागेवर धरतात, हेल्मेट डोके सांभाळते.

एक धोका मात्र नंतरही राहतो. वैमानिक कीटकनाशकाने भिजलेला असू शकतो. मदत करणाऱ्यांनी रबरी हातमोजे घालावेत, त्याचे भिजलेले कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवावे आणि औषधाचे नाव डॉक्टरांना सांगावे. बाहुल्या बारीक होणे, लाळ गळणे, धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात.

डीहेवन यांचे संशोधन पुढे मोटारींपर्यंत पोहोचले. मोटारीत बसल्यावर आपण पट्टा लावतो, तेव्हा थांबण्यासाठी शरीराला तेच थोडे जास्तीचे अंतर देत असतो. तो मागच्या आसनावरही लावायला हवा.