औंढ्याची वेधशाळा आणि उसन्या लायब्ऱ्या

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र ज्योतिर्लिंगामुळें श्रोत्यांस परिचित असेल. त्याच परिसरांत गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी करण्यास केंद्र सरकारनें ६ एप्रिल २०२३ रोजीं अंतिम मान्यता दिली. तिच्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु यंत्राच्या अखंड खळखळाटांतून तरंगाची क्षीण खूण वेगळी कोण काढतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

तें काम संगणकाच्या आज्ञावलीचें. संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालीं त्याच्या एका रीतीचा विचार मांडला. अपेक्षित तरंगांचे नमुने अगोदर गणितानें करून ठेवावयाचे आणि येणारे आंकडे त्यांच्याशीं पडताळावयाचे. लायगोच्या शास्त्रज्ञांचा ‘लालस्वीट’ हा आज्ञावली-संच अशाच कामाचा. मात्र त्यांतील सर्व गणित त्यांनीं स्वतः लिहिलेलें नाहीं. पुरणपोळी करणारी गृहिणी ऊस लावीत नाहीं, गूळ विकत आणते. तद्वत् हा संच फूरिए रूपांतर ‘एफएफटीडब्ल्यू’कडून आणि इतर बरेंच गणित ‘जीएसएल’कडून उसनें घेतो. अशा परक्या, तयार संग्रहास लायब्ररी म्हणतात.

अडचण येते ती जोडतांना. लायब्ररीच्या फायलीचें शेपूट लिनक्सवर ‘एसओ’, तर मॅकवर ‘डायलिब’. ठेवण्याची जागाही निराळी. म्हणून बांधणीचें साधन आरंभींच चौकशी करतें: अमुक लायब्ररी आहे काय, कोठें आहे, कोणत्या आवृत्तीची? नसल्यास तें तेथेंच थांबतें व उणें काय तें सांगतें. चूल पेटविण्यापूर्वीं डबे उघडून पाहणें तें हेंच.

यांत एक मेख आहे. एफएफटीडब्ल्यू दुहेरी अचूकतेची वेगळी आणि एकेरीची वेगळी बांधावी लागते; नांवांत फरक एका ‘एफ’ अक्षराचा. लालस्वीटला दोन्ही हव्यात. नवखा मनुष्य पहिलीच बांधून निश्चिंत होतो, आणि मग दिवसभर संगणकास दोष देतो!

शिवाय दोन ठिकाणचे निष्कर्ष भिन्न आले, तर तो भेद ताऱ्यांचा कीं लायब्ररीच्या आवृत्तीचा, हें कळावें कसें? याकरितां ‘कोंडा’ हें साधन सोयीचें. तें प्रत्येक प्रणालीसाठीं तयार बांधलेल्या लायब्ऱ्या पुरवितें व त्यांच्या आवृत्त्यांची यादी लिहून देतें. पुण्यांतील विद्यार्थ्यानें ती यादी परदेशीं धाडली कीं तेथेंही तोच संच उभा करतां येतो. मात्र लिनक्सवरची यादी मॅकवर जशीच्या तशी चालत नाहीं. तींतील बांधणीच्या खुणा गाळून केवळ नांवें व आवृत्त्या ठेवाव्यात. त्याउपर एखादी लायब्ररी केवळ लिनक्सपुरतीच असल्याचें आढळल्यास तेवढी ओळ काढून टाकावी.