गुराबा आणि गलबते

सरखेल कान्होजी आंग्रे यांनी १७२९ साली देह ठेवीपर्यंत कोकणकिनाऱ्यावर ज्या आरमाराची जरब बसविली, त्यातील प्रत्येक जातीच्या जहाजाकडे निराळी कामगिरी सोपविलेली असे. दोन-तीन डोलकाठ्यांची, १५० ते ३०० टनांची, उथळ बुडाची गुराब ही मुख्य लढाऊ नौका असून तिच्या निमुळत्या नाळेतून अवजड तोफा समोर रोखलेल्या असत. ७० टनांच्या आतील गलबताला मात्र शिडांखेरीज चाळीस-पन्नास वल्ह्यांचे बळ असल्यामुळे, वारा पडताच तेच गुराबेला ओढीत शत्रूच्या पिछाडीशी नेऊन भिडवी. आणि वाऱ्यावाचून खिळलेल्या युरोपीय जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या तोफा तेथे सर्वथा निरुपयोगी ठरत. मालाची ने-आण शिबाडांकडे असे, आणि माझ्या मते ते कर्तव्यही लढाईइतकेच मोलाचे होते.