कळलावी भांडणं लावत नाही

गच्चीवर कळलावीची कुंडी ठेवली त्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, घरात भांडणं हवीत का तुला?" काकूंचा दोष नाही. 'कळ लावणे' म्हणजे भांडण लावून देणे, हाच अर्थ आपल्या कानात बसलेला. पण या नावातली कळ बाळंतपणाची आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी तिच्या पोटावर, तळपायांवर या वेलीच्या कंदाचा लेप देत. आज हा उपाय कुणीही करू नये. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी तो खेळ आहे.

दुसरी समजूत अशी की वेलीला नुसता हात लागला तरी विष चढतं. तसं असतं तर कोकणात ही फुलं गौरीला वाहिली नसती. विष बाधतं ते मुख्यतः पोटात गेल्यावर. रसामुळे एखाद्याची त्वचा चुरचुरू शकते, म्हणून कंद हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. एवढं पुरतं.

याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात: "विष फक्त कंदात असतं, आणि शिजवलं की तेही जातं." हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. विष पानाफुलांसह सगळ्या वेलीत आहे. कंदात आणि बियांत ते जास्त. त्यातलं मुख्य द्रव्य कोल्चिसिन. गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर ते देतात, पण गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची! कंद उकळून ते नाहीसं होत नाही. तमिळनाडूचं हे राज्यफूल. तिथे औषधासाठी बियांची शेती होते, आणि रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदीही आहेत.

ही चूक कशी होते, ते कंद हातात घेतल्यावर कळतं. पातळ तपकिरी साल, आत पांढरा गर. आकार नांगरासारखा वाकडा, म्हणूनच संस्कृतात लांगली. पण त्याची एक बाजू मोडली, की उरलेला तुकडा रताळ्यासारखाच दिसतो. श्रावण-भाद्रपदात फुललेल्या वेलीला कुणी रताळं म्हणणार नाही. हिरवट पिवळी उमलून लालबुंद होत जाणाऱ्या, ज्वाळेसारख्या उलट्या वळलेल्या पाकळ्या लांबूनही ओळखू येतात. धोका दिवाळीच्या सुमाराला, वेल वाळून गेल्यावर. तेव्हा कंद उकरून स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवू नका. पाणी बंद करा आणि कंद त्याच कुंडीत, कोरड्या मातीत राहू द्या.

लागवड सोपी आहे. पावसाच्या तोंडावर, खाली भोकं असलेल्या बारा इंची कुंडीत कंद दोन-तीन इंच खोल आडवा ठेवायचा. कोंब टोकाशी असतो आणि चटकन मोडतो, तो जपायचा. माती निचऱ्याची हवी, नाहीतर कंद कुजतो. आधाराला काठ्या किंवा जाळी द्या. पानांची टोकंच तणाव्यासारखी वळून काठी धरतात. माझी तर रोज सकाळची पाच मिनिटं ते बघण्यात जातात. बिया नको असतील तर फूल कोमेजताच खुडा. छाटलेले तुकडे गुरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नका. रांगतं मूल किंवा कुंड्या उकरणारा कुत्रा घरात असेल, तर ही हौस दोन-चार वर्षं पुढे ढकला.

चुकून पोटात गेलंच, तर "अजून काही होत नाहीये" म्हणून थांबू नका. पहिले काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि खाण्यातून बाधलं असेल असं वाटतं. मूत्रपिंडं आणि अस्थिमज्जा त्यानंतर निकामी होऊ लागतात. यावर हमखास उतारा नाही. घरी उलटी करवत न बसता, उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच मोठं रुग्णालय गाठा.

आणि कुंडीवर ऑइलपेंटने 'कळलावी – विषारी कंद' असं लिहा. तुम्ही गावाला गेल्यावर झाडांना पाणी घालायला येणाऱ्यालाही ते वाचता आलं पाहिजे.