गोळीही हवी, चालणेही हवे



ठिबकच्या नळीत क्षार साठले की टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत कोलेस्टेरॉल साठले की तसेच होते. फरक एवढाच, की नळी ॲसिडने धुता येते, रक्तवाहिनी धुता येत नाही. म्हणून साठणे वेळीच रोखावे लागते.

त्यासाठी डॉक्टर स्टॅटिन गटातील गोळी देतात. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात पहिले स्टॅटिन बुरशीतून शोधले. आपले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. ते काम ही गोळी मंदावते.

मग गोळी घेतली की झाले का? नाही. अमेरिकेत कोलेस्टेरॉलचा विकार असलेल्या सुमारे १०,००० माजी सैनिकांची सुमारे १० वर्षे नोंद ठेवली गेली. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. गोळी घेणाऱ्यांत जे सर्वांत तंदुरुस्त होते, त्यांचा मृत्यूचा धोका सर्वांत अशक्त गटापेक्षा सुमारे ७० टक्के कमी आढळला. खताने पाण्याची उणीव भरत नाही, पाण्याने खताची. तसेच हे आहे.

“आम्ही शेतात राबतोच की!” असे आपण म्हणाल. पण नांगरट ट्रॅक्टरने, पाणी मोटारीने आणि बांधापर्यंत जाणे फटफटीवर. मग पाय चालले किती? आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपाझप चाला. सुरुवात दहा मिनिटांनी करा. हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखले किंवा फार दम लागला, तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

माती परीक्षणाशिवाय आपण खत टाकत नाही. तशी रक्त तपासल्याशिवाय, शेजाऱ्याचे पाहून गोळी घेऊ नका. तपासणी चांगली आली म्हणून मनाने बंदही करू नका. ती चांगली येण्यात गोळीचाच वाटा असतो. स्नायू फार दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवा. गरोदर भगिनींनी ही गोळी चालू असल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे.

आज संध्याकाळी पारावर बसण्याआधी गावाला एक फेरी मारा. घरधनिणीलाही बरोबर घ्या. तिलाही हृदय आहेच!